खलनायिका, कुस्ती आणि आइस हॉकी : हे तिन्ही एकाच माणसाला कसं आवडतं?

प्रश्न असा आहे : टीव्ही मालिकांमधल्या खलनायिका, डब्ल्यूडब्ल्यूईछाप कुस्ती आणि आइस हॉकी या तिन्ही गोष्टी एकाच माणसाला कशा काय आवडू शकतात? त्यात काही साम्य आहे का? आणि एकच ठेवायची झाली तर कोणती ठेवाल?

साम्य आहे आणि ते अगदी उघड आहे. तिन्हीकडे कुणीतरी शिव्या खाण्याचे पैसे घेतं. लोकांनी आपल्या नावाने बोटं मोडावीत, आपली हुर्यो उडवावी, हेच त्यांचं रोजचं काम. आणि हे काम करणारी मंडळी बहुतेक वेळा बाकीच्यांपेक्षा कामात चोख असतात, असं माझं ठाम मत आहे. नायकांसाठी मी काही बघतच नाही.

आधी मालिका. कुठल्याही कौटुंबिक मालिकेतली नायिका दिवसभर नेमकं काय करते? सोसते, रडते, दाराआडून अर्धंच बोलणं ऐकते आणि गैरसमज करून घेते. कथानक पुढे ढकलायची सगळी जबाबदारी खलनायिकेवर. मृत्युपत्र बदलायचं, औषधाच्या बाटल्यांची अदलाबदल करायची, ऐन लग्नात उभं राहून 'थांबा' म्हणायचं, सगळं हिनेच. मंथरा नसती तर रामायण राज्याभिषेकालाच संपलं असतं. मालिकावाल्यांना हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

याचा ठसठशीत पुरावा म्हणजे अमेरिकेतली 'डायनॅस्टी'. जानेवारी 1981 मध्ये ती एबीसी वाहिनीवर सुरू झाली. तेलाच्या धंद्यातला गडगंज श्रीमंत ब्लेक कॅरिंग्टन आणि त्याची नवी, सोज्ज्वळ बायको क्रिस्टल. पहिल्या पर्वात प्रतिसाद बेताचाच. पर्वाच्या शेवटी ब्लेकवर खटला चालू असतो आणि कोर्टात एक बाई साक्षीला येते. डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर जाळी. ती त्याची आधीची बायको. गंमत म्हणजे तेव्हा त्या भूमिकेसाठी नटीच ठरलेली नव्हती, जाळीआड भलतीच बाई उभी केली होती! पुढच्या पर्वात जाळी वर झाली आणि आतून जोन कॉलिन्स निघाली. ॲलेक्सिस. तिने बंदुकीचा बार काढून क्रिस्टलचा घोडा बुजवला, माणसं फिरवली, कंपन्या गिळल्या, आणि 1984-85 च्या हंगामात मालिका अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. 1983 मध्ये दोघी झोंबाझोंबी करत कमळांच्या तळ्यात पडल्या, ते दृश्य लोकांना अजून आठवतं. क्रिस्टल बिचारी चांगली होती, पण ती चांगली आहे हे कळायलाही ॲलेक्सिसच लागली.

हिंदीत कोमोलिका आहेच. 2001 मध्ये सुरू झालेल्या 'कसौटी जिंदगी की'मध्ये उर्वशी ढोलकियाने ती साकारली. त्या मालिकेत कोण कुणाचा मुलगा होता हे साफ विसरलेल्या लोकांनाही कोमोलिकाची टिकली आणि ती येताना वाजणारी धून आठवते. आधी धून, मग माणूस, आणि धून ऐकताच प्रेक्षकांचा जीव वर-खाली. अगदी असंच कुस्तीत होतं.

आता कुस्तीबद्दल. 'अगं, ते सगळं आधीच ठरलेलं असतं' असं मला समजावणारे खूप भेटतात. हो, ठरलेलं असतं. तुमच्या मालिकेतल्या सुनेचं काय होणार तेही ठरलेलंच असतं, तिथे कुणी तक्रार करत नाही. उलट मालिकेतल्या नटीपुढे नुसता कॅमेरा असतो. इथे हजारो माणसं समोर बसलेली असतात आणि त्यांना दर मिनिटाला चिडवत ठेवायचं असतं. दुष्टाला 'हील' म्हणतात, सज्जनाला 'बेबीफेस' किंवा नुसतं 'फेस', आणि हे सगळं खरंच आहे असं भासवत राहण्याच्या रिवाजाला 'केफेब'. जुन्या पद्धतीत लढतीची लगाम हीलच्या हाती असे. वेग कधी वाढवायचा, रेफरीची पाठ कधी वळवायची, डोळ्यात बोट कधी घालायचं आणि शेवटी मार खाऊन समोरच्याला मोठं कधी करायचं, हे तो लढता लढता कानात सांगतो. चांगल्या हीलमुळे सामान्य फेससुद्धा पराक्रमी दिसतो. उलटं सहसा होत नाही. अंगात तेवढं कसब नसेल तर एक स्वस्तातला उपाय आहे : माइक हातात घ्यायचा आणि त्या गावाच्या हॉकी किंवा फुटबॉल संघाला नावं ठेवायची. हमखास चालतं.

माझ्या मते या कलेतली सगळ्यात कमी लेखलेली बाई म्हणजे विकी गरेरो. मुळात ती कुस्तीगीर नव्हेच. एडी गरेरो या लाडक्या पैलवानाची बायको. तो 2005 मध्ये अचानक गेला. लोकांची सगळी सहानुभूती तिच्या बाजूने होती आणि हिने चक्क खलनायिकेची भूमिका स्वीकारली. काळा सूट, हातात माइक आणि चिरक्या आवाजात 'एक्सक्यूज मी!' बास. पुढचं वाक्य कुणालाच ऐकू जायचं नाही, इतका आरडाओरडा. ती थांबायची, सगळ्यांकडे तुच्छतेने बघायची आणि पुन्हा तेच, अजून वरच्या पट्टीत. एकही डाव न टाकता, एकाही दोरावर न चढता, नुसत्या दोन शब्दांवर अख्खं स्टेडियम पेटवणं ही थट्टा नाही. 2014 मध्ये तिची रवानगी झाली तीही चिखलाच्या डबक्यात, पण जाता जाता तिने मालकाच्या मुलीला, स्टेफनी मॅकमॅनलाही त्यात ढकललं. 'डायनॅस्टी'च्या तळ्याची आठवण मला तिथे आलीच.

पण या प्रश्नाचं खरं उत्तर 1997 या वर्षात आहे. 23 मार्चला शिकागोजवळच्या रोझमाँटमध्ये कुस्तीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम, रेसलमेनिया 13, झाला. ब्रेट हार्ट हा सज्जन, स्टीव्ह ऑस्टिन हा दुर्जन. लढतीत ऑस्टिनचं कपाळ फुटलं, रक्त चेहऱ्यावरून ओघळून दातांपर्यंत आलं. ब्रेटने त्याला शार्पशूटर या आपल्या पकडीत जखडलं. ऑस्टिन शुद्ध हरपेपर्यंत ओरडला, पण हार मानली नाही. घंटा वाजल्यावरही ब्रेट मारतच राहिला. लोकांच्या मनात काहीतरी फिरलं. जो शिव्या खात आला होता तो टाळ्या घेत लंगडत परत गेला, आणि ज्याला टाळ्या मिळत होत्या त्याच्यावर हुर्यो. एकाच लढतीत दोघांची अदलाबदल. यापेक्षा उत्तम पटकथा मी मालिकेत पाहिलेली नाही.

त्यानंतर ब्रेट अमेरिकेला शिव्या देत फिरू लागला. तो कॅनडाचा, कॅल्गरीचा. म्हणजे अमेरिकेत तो हाडवैरी आणि सीमा ओलांडली की देव. जुलैमध्ये कॅल्गरीच्या सॅडलडोममध्ये कार्यक्रम झाला तेव्हा तिथे ब्रेट आणि त्याच्या गोतावळ्यासाठी छप्पर उडायचं बाकी होतं, आणि अमेरिकेचा लाडका ऑस्टिन शिव्या खात होता. माणसं तीच, वागणं तेच, फक्त बसणाऱ्यांचं गाव बदललं. आता हे सॅडलडोम म्हणजे काय? कॅल्गरी फ्लेम्स या आइस हॉकी संघाचं घर. शिवाय त्या शहरात ज्युनियर हॉकीचा कॅल्गरी हिटमेन नावाचा संघ आहे, तो ब्रेटच्या 'हिटमॅन' या टोपणनावावरून, आणि सुरुवातीच्या मालकांत तो स्वतःही होता. त्याच वर्षी 9 नोव्हेंबरला मॉन्ट्रियलमध्ये कंपनीचा मालक विन्स मॅकमॅनने ब्रेटला अंधारात ठेवून, त्याने हार मानलेली नसताना, घंटा वाजवायला लावली आणि तो हरला असं ठरवून टाकलं. ती जागाही मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या हॉकी संघाची. हा दगा खरा होता, पटकथेतला नव्हता, आणि त्यातूनच 'दुष्ट मालक मिस्टर मॅकमॅन' हे पात्र जन्माला आलं.

तर हॉकी. रेसलमेनियानंतर तीनच दिवसांनी, 26 मार्च 1997 ला, डेट्रॉइटमध्ये रेड विंग्स आणि कोलोरॅडो ॲव्हलांश भिडले. आदल्या वर्षी प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, कोलोरॅडोच्या क्लोड लेम्यूने डेट्रॉइटच्या क्रिस ड्रेपरला मागून रिंकच्या कडेच्या भिंतीवर आपटलं होतं. ड्रेपरचा जबडा, नाक, गालाचं हाड, सगळं मोडलं. डेट्रॉइट ते विसरलं नव्हतं. त्या रात्री डॅरेन मॅकार्टीने लेम्यूला गाठून बडवलं, लेम्यू डोकं झाकून बर्फावर गोळा झाला, दोन्ही गोलरक्षकसुद्धा रिंकच्या मध्यावर येऊन एकमेकांशी भिडले. आणि ओव्हरटाइममध्ये विजयी गोल कुणी केला? त्याच मॅकार्टीने. 6-5. हे कुणी लिहून आणलं असतं तर 'फारच फिल्मी' म्हणून परत पाठवलं असतं.

हॉकीत खलनायकाचे दोन प्रकार. एक मारामारी करणारा, त्याला 'एन्फोर्सर' म्हणतात. दुसरा कुरापतखोर, 'पेस्ट'. माझा जीव दुसऱ्यावर. याचं गणित सुंदर असतं. हा कानाशी काहीतरी पुटपुटतो, काठीने पोटरीला हळूच टोचतो, गोलरक्षकाच्या अंगावर बर्फाचा भुगा उडवतो. समोरचा वैतागून याला ठोसा लगावतो. पंचाला बहुधा दुसरा फटकाच दिसतो. मारणारा दोन मिनिटं बाहेर, त्याचा संघ एका माणसाने कमी, आणि कुरापतखोर हसत बाकावर. 2008 च्या प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सचा शॉन एव्हरी चक्क खेळाकडे पाठ करून न्यू जर्सीचा गोलरक्षक मार्टिन ब्रोडर याच्या तोंडासमोर काठी नाचवत उभा राहिला. असं करू नये असा स्पष्ट नियमच नव्हता, कारण असं कुणी करेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी एनएचएल या हॉकी लीगने नियमाचा नवा अर्थ जाहीर केला. प्लेऑफमधली सामन्यांची मालिका संपली की दोन्ही संघ रांगेत हस्तांदोलन करतात. त्या रांगेत ब्रोडरने एव्हरीला हात दिला नाही. आणि ब्रॅड मार्शंड, ज्याने 2018 मध्ये प्रतिस्पर्ध्यांना चाटलं (हो, जिभेने), त्याला लीगने ताकीद देऊन थांबवलं. पुढे तोच बॉस्टनचा कर्णधार झाला. 2025 मध्ये फ्लोरिडाकडे गेला आणि जिथे वर्षानुवर्षं त्याची हुर्यो उडायची तिथल्याच लोकांनी त्याला स्टॅनले कप हा लीगचा विजेतेपदाचा चषक उचलताना डोक्यावर घेतलं. ऑस्टिनचीच गोष्ट, फक्त पटकथेशिवाय.

पटकथा नसण्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती टाळून हे उत्तर पुरं होणार नाही. मार्च 2004 मध्ये व्हँकुव्हरच्या टॉड बर्टुझीने स्टीव्ह मूरला मागून ठोसा मारून बर्फावर पाडलं. कारण तेच, जुना हिशेब चुकता करायचा होता. मूरच्या मानेचे मणके मोडले, तो पुन्हा कधीच एनएचएलमध्ये खेळला नाही. मॅकार्टीच्या रात्रीवर शिट्ट्या मारणारी मी त्या रात्रीवर गप्प होते. दोन्हींत फरक केवळ नशिबाचा होता, हे मला नाकारता येत नाही. डेरेक बोगार्ड हा एन्फोर्सर 2011 मध्ये 28 व्या वर्षी गेला आणि त्याच्या मेंदूत डोक्यावरच्या वारंवार आघातांमुळे होणारा आजार सापडला. म्हणून आताशा हातमोजे खाली पडले, म्हणजे मारामारी जुंपली, की मी ओरडत नाही. कुरापतखोर मात्र अजून हवाहवासा वाटतो. कुस्तीही निर्मळ नाही. ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन 1999 मध्ये छतावरून रिंगमध्ये उतरताना पडून गेला, आणि कार्यक्रम तरीही पुढे चालू ठेवला गेला. तो निर्णय मला आजही किळसवाणा वाटतो.

राहिला शेवटचा प्रश्न. कुणाचीच मान मोडू नये एवढाच निकष लावला तर मालिका ठेवावी लागेल. पण मालिकांनी मला एका बाबतीत फार छळलंय : शेवटच्या आठवड्यात खलनायिकेला पश्चात्ताप होतो. दोन वर्षं सगळ्यांना नाचवणारी बाई देवासमोर रडून माफी मागते आणि सगळे तिला जवळ घेतात. असा अपमान तिच्या शत्रूनेही केला नसता. कुस्तीत असं होत नाही, पण तिथे ती कधी जिंकणार, किती दिवस जिंकणार, हे कुठल्या तरी खोलीत बसून ठरतं.

हॉकीत ते कुणी ठरवत नाही. लेम्यूने ड्रेपरला आपटलं त्याच वर्षी कोलोरॅडोने कप जिंकला, आणि पुढच्या वर्षी डेट्रॉइटने. कुणी माफी मागेल, मागणार नाही, हात देईल, देणार नाही, रांग पुढे सरकेपर्यंत कळत नाही. त्यामुळे ठेवायची तर हॉकी. तिचा हंगाम जूनमध्ये संपतो आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू होतो. मधल्या महिन्यांत मी चोरून कुस्ती बघितली तर ती तेवढी धरू नका.