बंद खोलीत हवा नेमकी कुठून शिरते, ते कसं शोधायचं?

दारव्हा तालुक्यात घर, स्लॅबची खोली, यंदा एसी बसवला. पण दारं-खिडक्या लावूनही गारवा टिकत नाही अन् सकाळी फरशीवर धूळ सापडते, फट कुठं आहे ते कसं कळावं, असं तुम्ही विचारलंय. मी वर्धेकडं सुतारकाम करतो. माझा पहिला सवाल हा, की याआधी त्या खोलीत कूलर होता का?

असेल तर आधी ती कूलरची खिडकी बघा. आपल्याकडं कूलर निघतो, पण त्या जागी प्लायचा तुकडा, पुठ्ठा अन् वरून जुनी चादर, एवढाच बंदोबस्त असतो. दारावरचा जाळीचा झरोकाही तसाच उघडा. कूलरला हे चालायचं, कारण त्याची हवा बाहेर निघायला वाट लागतेच; नाहीतर खोलीत नुसती चिकचिक होते. एसीचं उलटं आहे. तो खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, त्यामुळं बाहेरची झळ आत आली की त्याचं काम वाढतं अन् बिलही.

आता फट शोधायची रीत. दुपारी वारा सुटला की पंखा अन् एसी बंद करा, खिडक्या लावा. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा असेल तर तो चालू करून मधातलं दार उघडं ठेवा, म्हणजे घर बाहेरची हवा ओढायला लागतं. चूल पेटलेली असेल तर मात्र हे करू नका, धूर घरात फिरेल. मग उदबत्ती लावून चौकटीच्या कडेनं हळूहळू फिरवा. धूर सरळ वर गेला तर ती जागा ठीक. एकाएकी आतल्या बाजूला वाकला तर हवा तिथूनच येते. तिथं पेन्सिलीनं खूण करा. पडदे अन् मच्छरदाणी आधी बाजूला घ्या. गॅसची गळती मात्र अशी कधीच शोधू नका, तिथं साबणाचं पाणीच.

खिडकीच्या वरच्या कोपऱ्यांवर अन् दाराच्या खालच्या कडेवर जास्त वेळ द्या. एसीचा पाइप भिंतीतून जातो तिथली पुट्टी सुकून गळते, ते भोक बहुतेक कोणी बघतच नाही. स्विचबोर्डातूनही हवा येते, कारण वायरिंगचा पाइप वर स्लॅबवर नाहीतर बाहेर मीटरपाशी उघडा असतो. त्याचं बाहेरचं तोंड वायरमनकडून बंद करून घ्या, बोर्डात आपण बोळे कोंबायचे नाहीत.

पल्ला नीट बसतो का हे बघायला वहीचं पान मधात धरून दार लावा. पान सहज ओढून निघालं तर तिथं फट आहे. रात्री घरातले दिवे बंद करून बाहेरून कोणी टॉर्च फिरवला तरी उजेडाची रेघ दिसते.

बुजवताना घाई नको. मे महिन्यात लाकूड आक्रसलेलं असतं, तेव्हा फट मोठी दिसते. तिथं लाकडी पट्टी ठोकली की आषाढात पल्ला फुगून अडकतो, मग रंधा मारायला मलाच बोलावणं येतं. फोमची चिकटपट्टी लावा, ती दबते. दाराखाली रबरी पट्टी, काचेभोवती लांबी (काच बसवायचा लगदा), पाइपाच्या भोकाला पुट्टी. कूलरच्या खिडकीला मात्र पल्ला बसवून घ्या, पुठ्ठ्याचा जुगाड पुन्हा नको.

मागं टिनाची खोली असेल तर भिंत अन् पत्र्याच्या नाळ्या यांच्या मधातली पोकळी बघा. भिंत मातीची असेल तर मातीत कुटार (पिकाचा भुसा) कालवून ती भरा. मातीवर सिमेंट धरत नाही, पोपडे सुटतात. पण त्या खोलीत चूल असेल तर पोकळी राहू द्या. फटी बुजवलेल्या खोलीत हिवाळ्यात निखाऱ्याची शेगडीही नेऊ नका. निखाऱ्यातून निघणारा विषारी वायू वासावरून कळत नाही.

एवढं करूनही धूर सगळीकडं सरळच राहिला तर खोली तापवणारा तुमचा स्लॅब आहे. सूर्य बुडाल्यावर छताला आतून हात लावा. चटका बसला तर फटींवर पैसे घालण्यापेक्षा गच्ची झाडून तिच्यावर चुन्याचे दोन हात मारा, स्वस्तात होतं.