दुखायचं थांबलं, म्हणजे बरं झालं?

पत्रं बदलतात, वाक्य तेच असतं: 'आता दुखत नाही, तरी दाखवायला हवं का?' म्हणून आज याच जातीची पत्रं घेतो.

वय २८. जिम सुरू केल्यापासून मांड्या दुखतात. बंद करू का?

नको. तीन-चार दिवसांत जाईल. लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

वय ५४. जिना चढताना छाती आवळते. थांबून सोडा प्यायलो की बरं वाटतं. गॅसच ना?

बरं सोड्यानं नाही, थांबल्यानं वाटतं. चढताना हृदयाला जास्त रक्त लागतं. रक्तवाहिनी अरुंद असली की ते पुरत नाही. बसून काढलेला ईसीजी अशा वेळी नॉर्मलही येतो, त्यावर विसंबू नका. उद्याच हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. बसल्या जागी दुखलं, घाम सुटला, तर १०८ला फोन करा. स्कूटरला किक मारू नका.

मुलाचं पोट काल बेंबीपाशी दुखत होतं, आज उजवीकडे खाली दुखतंय. आजी एरंडेल द्या म्हणते.

देऊ नका. शेकूही नका. अपेंडिक्सचं दुखणं असंच सरकतं. हे वाचत बसण्यापेक्षा सर्जनकडे निघा. वाटेत दुखणं एकदम थांबलं, तरी परत फिरू नका. अपेंडिक्स फुटल्यावरही थोडा वेळ बरं वाटतं.

आई ६७ वर्षांची, २० वर्षं मधुमेह. तळपायांची आग व्हायची. प्रदर्शनातून चुंबकाच्या चपला आणल्या, वर्षभरात आग थांबली. गोळ्या कमी कराव्यात का?

गोळ्यांना हात लावू नका. आणि चपला विकणाऱ्याला श्रेयही देऊ नका. साखरेनं नसा खराब होतात, त्यात सगळ्यांत लांब नसा आधी, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. आधी आग, मुंग्या; मग बधिरपणा. आईंची आग विझली नसावी, ती सांगणारी नसच गप्प झाली असावी. चुंबक विकणाऱ्यांचा धंदा याच टप्प्यावर चालतो.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांबाबत हेच दाखवलं. रोग बोटं खातो, असा समज होता. खरं तर दुखत नाही म्हणून माणूस तापलेलं भांडं तसंच धरतो, जखमेवरच चालत राहतो, आणि त्यात बोटं जातात. मधुमेही पायाचंही हेच. चपलेत खिळा घेऊन दिवसभर चाललेले रुग्ण मी पाहिलेत. मोज्याला रक्त दिसलं तेव्हा कळलं.

रोज रात्री आईंचे तळवे तुम्ही बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. त्यांना वाकून दिसणार नाही. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा नको; देव समजून घेईल. गरम पाण्याची पिशवी नको. कुरूप ब्लेडनं कापायचं नाही, मेडिकलमधली कुरपाची पट्टीही लावायची नाही, तिच्यातल्या आम्लानं कातडी जळते. नायलॉनचा बारीक तंतू टेकवून पायाची जाणीव तपासतात, पाच मिनिटांचं काम आहे. याच आठवड्यात करून घ्या. पायावर जखम किंवा काळसर डाग दिसला, तर आठवडासुद्धा थांबू नका.

अमावास्येला गुडघे जास्त दुखतात, खरं का?

नाही.

गुडघ्यांसाठी सात वर्षं रोज मेडिकलमधून एक गोळी घेतो. काहीच त्रास नाही.

रोजच्या वेदनाशामक गोळीनं मूत्रपिंड खराब होऊ शकतं, आणि ते होताना बहुधा दुखत नाही. जठरातला व्रणही या गोळ्यांखाली कधीकधी गुपचूप वाढतो आणि थेट काळी शौच होते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन तपासून, रक्तदाब मोजून डॉक्टरांना भेटा. गोळीचं रिकामं पाकीट बरोबर न्या. 'ती पिवळी गोळी' म्हटलं तर आम्हाला काही कळत नाही.