एमएस्सी मायक्रोबायोलॉजी झालं आहे. एमबीबीएस नसताना ट्रान्सप्लांट इम्युनोलॉजीत जाता येतं का? पगार कसा असतो?

येतं. मी एमएस्सीच, आणि एचएलए लॅबमध्येच (दाता आणि पेशंट यांच्या पेशींवरच्या ओळखखुणा, म्हणजे एचएलए, जुळतात का ते तपासणारी लॅब) केस पांढरे केलेत. "डॉक्टरकीशिवाय तिथे काय काम?" म्हणणाऱ्यांत माझे दीर पहिले. सर्जन आहेत. दर दिवाळीला ऐकवतात, "तुझं काय, मशीन रिपोर्ट देतं!"

एकदा नवऱ्याची किडनी बायकोला द्यायची होती. (आपल्याकडे बहुतेक वेळा देणारी बायको असते, हे उलटं क्वचितच.) रक्तगट जुळलेला, ऑपरेशनची तारीख पक्की. क्रॉसमॅच लावली, म्हणजे पेशंटच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी आहेत का ते बघितलं: नवऱ्याच्या लिम्फोसाइट्स (पांढऱ्या पेशी), बायकोचं सीरम (रक्तातला पातळ भाग), वर सशाचं कॉम्प्लिमेंट (अँटिबॉडी चिकटलेली पेशी मारणारी प्रथिनं). मायक्रोस्कोपखाली बघते तर पेशी मेलेल्या. डीटीटी (आयजीएम प्रकारच्या अँटिबॉडी निकामी करणारं रसायन) घालून पुन्हा लावली, तरी तेच. म्हणजे आयजीएम नव्हे, किडनीला घातक ठरणारी आयजीजी. बाईंना दोन मुलं. पोटातल्या बाळामार्फत बाईच्या शरीराला बापाच्या अँटिजेन्सची (पेशींवरच्या खुणांची) ओळख होते आणि तेव्हा तयार झालेल्या अँटिबॉडी वर्षानुवर्षं राहू शकतात. वरून फोन आला, "परत लावा, निगेटिव्ह येईल." म्हटलं, लावते, पण दिसेल तेच लिहीन. दिसलं तेच. तारीख रद्द झाली, नातेवाईक माझ्यावर चिडले. पुढे बाईंच्या आईची किडनी जुळली, ती बसली.

मशीनने नाही, मी थांबवलं ते ऑपरेशन. १९६९ साली पटेल आणि तेरासाकी यांनी दाखवलं होतं की क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना बसवलेल्या ३० पैकी २४ किडन्या लगेच निकामी झाल्या. निगेटिव्ह असताना १९५ पैकी फक्त ८.

हे पॉल तेरासाकी कोण? प्राणिशास्त्राचे पीएचडी. जपानी वंशाचे म्हणून युद्धकाळात अमेरिकेनेच कुटुंबासकट ॲरिझोनाच्या छावणीत डांबलेला पोरगा. १९६४ साली त्यांनी एक मायक्रोलिटर सीरमवर चालणारी अशीच पेशी मरतात का बघायची चाचणी काढली, तिच्या ट्रेला आजही त्यांचंच नाव आहे. ज्यांच्याकडे ते लंडनला शिकायला गेले ते मेडावारही प्राणिशास्त्रवालेच, १९६० चं नोबेल मिळालेले. भाऊजींना हे सांगितलं की ते फराळाकडे वळतात.

आता एचएलए शोधणारे दोसे डॉक्टरच होते, हेही खरं. आणि पेशंटला औषध देणं आपलं काम नाही, त्यात पडू नका.

पगार सुरुवातीला कमीच. मेंदूमृत दाता आला की रात्री-अपरात्री बोलावणं येतं, किडनी थांबत नाही. मुलाखतीत एवढं नक्की विचारा: रिपोर्टवर सही कोणाची जाते, आणि रात्रीचे पैसे वेगळे मिळतात का.