वर्षभराची बाग आखताना

बियाणं आणायच्या आधी गच्चीवर ऊन कुठे आणि किती वेळ येतं, ते नीट पाहून ठेवा. टोमॅटो, मिरची, वांग्याला रोज ५-६ तास थेट ऊन लागतंच. अळू, पुदिना थोड्या सावलीतही येतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे जूनमधली उन्हाची जागा डिसेंबरात सावलीत गेलेली असू शकते. हे नवीन लोकांच्या सहसा लक्षात येत नाही.

जूनमध्ये दोडका, कारली, दुधी. मांडव मात्र पावसाआधीच बांधा. ऑगस्टअखेर टोमॅटोचं बी टाका, ३-४ आठवड्यांनी रोपं मोठ्या कुंडीत हलवा. मेथी-कोथिंबीर ऑक्टोबरनंतर खरी बहरते. धणे हलके रगडून, दोन फोडी करून पेरा. मेथी महिन्याभरात काढायला येते, म्हणून सगळी एकदम नको. दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरा, म्हणजे ताटात सतत ताजी भाजी राहील. फेब्रुवारीत गवार, भेंडी.

खताची तयारी मात्र आजच सुरू करा. भाज्यांची देठं-सालं आणि वाळलेला पाला यांचं खत व्हायला २-३ महिने सहज जातात. पहिल्या वर्षी ५-६ भाज्या पुरेत, आणि त्याही घरात आवडीनं खाल्ल्या जाणाऱ्याच निवडा.