नको तिथे काळे ठिपके

प्रश्न : तांब्याच्या प्लेटवर हार्ड ग्राउंड (द्रावणापासून तांबं वाचवणारा थर, त्यात सुईने रेषा ओढतात) लावून फेरिक क्लोराइडच्या द्रावणात एचिंग करतो, म्हणजे उघड्या रेषा खोदून घेतो. छापात मोकळ्या जागी काळे ठिपके येतात, रेषा मात्र फिकट. असं का?

उत्तर : ठिपके म्हणजे ग्राउंडने तिथे प्लेट धरलेली नाही, म्हणून द्रावणाने तिथेही तांबं खाल्लं आणि त्या खड्ड्यांत शाई बसली. बहुतेक वेळा दोष तेलकटपणाचा. खडूची पूड आणि थोडा अमोनिया घेऊन प्लेट घासा, नळाखाली तिरकी धरा. पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला तर ठीक. पाणी फाटून थेंब जमले तर पुन्हा घासा. त्यानंतर बोटं फक्त कडांना. ग्राउंडही पातळच हवा, जाड थराच्या सुईखाली कपच्या उडतात. आलेले ठिपके स्क्रेपरने खरवडून बर्निशरने घोटा. कंटाळवाणं काम आहे, पण होतं.

फिकट रेषांचं कारण वेगळं. तांबं खाल्लं जाताना तयार होणारा गाळ रेषेतच बसतो आणि खोदाई मंदावते. प्लेट पालथी, तळापासून जरा उचलून ठेवा. गाळ खाली पडेल. मागची बाजू चिकटपट्टीने झाकलेली असावी. वेळ ठरवायला त्याच तांब्याच्या तुकड्यावर रेषा ओढून 10, 20, 40 मिनिटांनी एकेक भाग झाका. द्रावण जुनं किंवा थंड असेल तर हे आकडे वाढतात.