आठवणींतली 'पात्रं' आणि न वाचवणारी पानं

एका वाचक ताईंचा प्रश्न असा: "आमचा सहा-सात जणींचा वाचनगट आहे. महिन्यातून एकदा जमायचं आणि नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाबद्दल प्रत्येकीने दहा मिनिटं बोलायचं. परवा मी एका बाईंनी स्वतःच्या आयुष्यावर लिहिलेल्या पुस्तकाबद्दल बोलत होते. ओघात 'ही कादंबरी' म्हणाले, तर एकीने टोकलं. 'आत्मचरित्र' म्हणाले, तर दुसरी म्हणाली, यात जन्मापासूनचं कुठे आहे? शेवटी 'मेमॉयर' म्हणून सुटका करून घेतली. पुढे 'आईचं पात्र छान रंगवलंय' म्हटलं, त्यालाही हरकत आली. आणि 'शेवटची पानं मला वाचवेनात' म्हटल्यावर सगळ्यांनी समजून घेतलं की पुस्तक रटाळ आहे. मला तर रडू आवरत नव्हतं! माझं नेमकं कुठे चुकलं?"

ताई, चुकलं असलंच तर एका ठिकाणी, आणि तेही थोडंसंच. क्रमाने पाहू.

कादंबरी हा शब्द या अर्थाने आपण आणि कानडी लोक वापरतो. हिंदी-बंगालीत उपन्यास, गुजरातीत नवलकथा. आपल्याकडे सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या नायिकेचं नाव साऱ्या प्रकारालाच चिकटलं. ती गंधर्वकन्या, तिचं प्रेम दोन-तीन जन्म पुरणारं, आणि तिची कथा एवढी लांबली की बाणभट्टाच्या हातून ती पुरी झालीच नाही, मुलाने पुढे नेली. असल्या बाईचं नाव घेतल्यावर शब्दाला थोडा स्वप्नाळू वास राहणारच. 'ही काय, कादंबऱ्या वाचत बसलेली असते' या वाक्यातला टोमणा पुस्तकांवर कमी आणि त्या वासावर जास्त असतो. तुमच्या मैत्रिणीला खटकलं ते हेच असणार: कुणीतरी खरोखर भोगलेलं आणि तुम्ही त्याला रचलेलं ठरवलंत.

तरी मराठीत ही हद्द पहिल्यापासून पुसटच आहे. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ते बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' 1857 सालचं. तिच्या नावातच पुढे विधवांच्या स्थितीचं 'निरूपण' असं म्हटलेलं आहे. कीर्तनकाराचा शब्द! याच पदमनजींनी तीसेक वर्षांनी 'अरुणोदय' लिहून स्वतःची हकिगत सांगितली. मधल्या पिढीत हरिभाऊ आपटे आले. 1890 साली सुरू झालेल्या 'करमणूक'मधून त्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः आली. ती सगळी यमू नावाची बाई 'मी, मी' करत सांगते. मुखपृष्ठ फाडून एखाद्याच्या हातात दिली तर तो तिला बेलाशक आठवणींचं पुस्तक म्हणेल. आनंद यादवांच्या 'झोंबी'चा घोळ तर आमच्या वाचनालयात मी डोळ्यांनी पाहिला आहे. एक प्रत 'कादंबरी'च्या कपाटात, दुसरी 'चरित्र-आत्मचरित्र'च्या. मी ग्रंथपाल बाईंना विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "दुसरी देणगीत आली, तिच्यावर आधीच शिक्का होता." तिला आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणतात, त्यामुळे दोन्ही कपाटं बरोबर!

आता मुख्य शब्द. मेमॉयरला मराठीत काय म्हणायचं?

आठवणी. झालं.

यावर लोकांची तक्रार अशी की हा शब्द फार घरगुती आहे, वाङ्मयप्रकाराचं नाव वाटत नाही. मला हे कधी पटलं नाही. रमाबाई रानड्यांचं पुस्तक 1910 सालचं, आणि त्याचं नाव 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी'. त्यातलं 'कांही' किती मोलाचं आहे पाहा. सगळं सांगत नाही, निवडून सांगते, हे कबूल करून टाकलं. आत्मचरित्रात तशी सोय नसते. तिथे जन्म, कुळ, शाळा, नोकरी अशी हजेरी द्यावी लागते. तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीचा आक्षेप म्हणूनच रास्त होता. अण्णासाहेब कर्व्यांनी 1915 साली 'आत्मवृत्त' म्हटलं, तेही छान, कारण 'वृत्त'मध्ये हिशेब दिल्याचा भाव येतो आणि त्या माणसाने आयुष्यभर वर्गण्यांचे हिशेबच दिले. आत्मकथा हा शब्द गांधीजींमुळे घरोघरी गेला.

आत्मकथन किंवा स्वकथन मात्र जपून वापरा. ते मेमॉयरचं भाषांतर म्हणून आलेले शब्द नाहीत, दलित आणि भटक्या समाजांतल्या लेखकांच्या पुस्तकांसोबत रुजलेले आहेत. 1978 साली दया पवारांचं 'बलुतं' आलं, 1980 साली लक्ष्मण मान्यांचं 'उपरा', 1984 साली शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी'. माने तेव्हा एकतिशीचे, लिंबाळे अठ्ठाविशीचे. साठी उलटल्यावर कृतार्थ होऊन लिहायचं ते आत्मचरित्र, हा तोवरचा रिवाज. इथे तरणी पोरं अजून चालू असलेलं जगणं सांगत होती, आणि ते एकट्याचं नव्हतं. 'चरित्र' म्हणावं तर ते पुरं व्हायचं होतं, 'आठवणी' म्हणाव्यात तर फार मऊ. म्हणून 'कथन' रुजलं. आजी-आजोबांच्या कोकणातल्या सुट्ट्यांवरच्या पुस्तकालाही हल्ली कुणी आत्मकथन म्हणतं तेव्हा मला जरा बोचतं. माझा हा हट्ट आहे म्हणा.

रमाबाईंच्या नावाकडे परत येतो, कारण त्यातल्या 'आमच्या'वर माझा गेला महिना गेला. या पावसाळ्यात मी दोन पुस्तकं लागोपाठ वाचली: रमाबाईंच्या आठवणी पुन्हा, आणि बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' (1986) पहिल्यांदा. दोन्ही नावांत 'आमचं'. मराठीत 'आपलं' म्हटलं की ऐकणारा आत आला, 'आमचं' म्हटलं की तो दाराबाहेर. रमाबाईंचं 'आमचं' दोघांचं आहे, त्यांचं आणि न्यायमूर्तींचं. 1873 साली अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली मुलगी नवऱ्याकडे अक्षरं गिरवते, आणि त्यापायी घरातल्या बायकांची बोलणी खाते. तेव्हा ते 'आमचं' घरातल्या घरात एक चोरटी खोली होऊन जातं. बेबीताईंचं 'आमुचं' साऱ्या दलित वस्तीचं. 'माझं' फार क्वचित, आणि माझ्यासारखा वाचक उघड उघड बाहेर उभा. मला ते पुस्तक आवडलं का? 'आवडलं' हा शब्द तिथे वापरवत नाही. मी गप्प झालो, एवढं सांगू शकतो. रमाबाईंचं आवडलं, पण एक रुखरुख राहिली: बाई स्वतःला फार आवरतात. कुठे राग यायला हवा तिथे त्या नम्रपणे पुढच्या प्रसंगाकडे वळतात.

त्या आवरण्याचाच एक नमुना. रमाबाई पुस्तकभर नवऱ्याचा उल्लेख 'स्वतः' असा करतात. नाव घ्यायचं नाही ही रीत, मग सोय काय? 'स्वतः'. 1938 साली त्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर झालं त्याचं नावच 'हिमसेल्फ' ठेवलं. मराठीत कुणालाही 'स्वतः' म्हणता येतं, पण पुस्तक बायकोच्या आयुष्याचं आणि 'स्वतः' म्हणजे नवरा, यातली गंमत की शोकांतिका हे तुम्हीच ठरवा. 1934 पासून भागाभागांनी आलेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाई टिळक नवऱ्याला सरळ 'टिळक' म्हणतात. शेजारणीशी बोलताना म्हणावं तसं, मायेनं आणि थोडं डोळे मिचकावून. 1990 च्या 'आहे मनोहर तरी'मध्ये सुनीताबाई देशपांड्यांचा 'भाई', म्हणजे पु. ल., येतो. आठवणींच्या पुस्तकावर मत द्यायचं असेल तर सांगणारी बाई घरच्या माणसाला काय म्हणते तेवढं आधी टिपून ठेवावं, असा माझा सल्ला आहे. निम्मं बोलणं तिथूनच सुरू करता येतं.

पात्राचं थोडक्यात. इथे मी तुमच्या मैत्रिणीच्या बाजूने आहे. पात्र म्हणजे भांडं, नदी वाहते ती जागा, आणि नाटकातलं सोंग. तिन्हीकडे आत काहीतरी ओतायचं असतं. कादंबरीकार ओततो, म्हणून तिथे 'पात्र' शोभतं. जिवंत माणसाला आपण पात्र कधी म्हणतो? 'तुमचे काका म्हणजे एक पात्रच आहेत हं!' म्हणजे चेष्टेतच. कुणाच्या खऱ्या आईला 'आईचं पात्र छान रंगवलंय' म्हटलं तर लेखिकेने आईला रंग फासून रंगमंचावर ढकलल्यासारखं होतं. 'आई डोळ्यांपुढे उभी राहते', 'आईबद्दल लिहिलंय ते फार चांगलं उतरलंय' असं काही म्हणा. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचं वर्णन वाचा. तिथे 'पात्र' हा शब्द तोंडात येत नाही, 'बापरे, काय माणूस!' एवढंच येतं. मात्र 'व्यक्तिरेखा' दोन्हीकडे चालते. रेघ खऱ्या माणसाचीही काढता येते.

राहिलं 'वाचवेनात'. इथे तुमचं वाक्य शंभर टक्के बरोबर होतं आणि ऐकणाऱ्यांनी घाई केली. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. 'मला चालवत नाही', 'त्याला जेववत नाही', 'तिचे हाल बघवत नाहीत', 'ऐकवेना', 'सांगवेना'. करणारा 'मी' बाजूला होतो, त्याला 'ला' लागतो, आणि शरीर किंवा मन पुढे जायला नकार देतं. इच्छा असते, होत नाही. कंटाळ्यात उलट असतं: होत असतं, इच्छा नसते. रटाळ पुस्तकाला मराठीत भरपूर शब्द आहेत. पानं रेटली, पुढे सरकेना, अर्ध्यावर टाकलं, पाट्या टाकल्यासारखं वाचलं. 'वाचवेना' त्या रांगेतलं नव्हे, ते 'बघवेना'च्या घरातलं.

गोंधळ व्हायला आणखी एक कारण आहे, ते जाता जाता. वाचणे म्हणजे पुस्तक वाचणे आणि वाचणे म्हणजे जिवानिशी सुटणे, हे मुळात दोन वेगळे शब्द. जुन्या लिखाणात जीव वाचायचा तेव्हा 'वांचणे' असा अनुस्वार असायचा, पुस्तक बिनअनुस्वाराचं. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, रमाबाईंच्या 'कांही'वरचा आणि हरिभाऊंच्या 'लक्षांत'वरचा टिंबही त्याच सपाट्यात, आणि ही दोन क्रियापदं कागदावर एकसारखी झाली. 'त्या पुस्तकाने मला वाचवलं' म्हणाल तर ते तारल्याचंच होईल. 'ते पुस्तक मला वाचवलं नाही' म्हणाल तर नुसतं डोळ्यांत पाणी आल्याचं. दोहोंत एका 'ने'चं अंतर.

पुढच्या महिन्यात हेच पुस्तक पुन्हा निघालं तर एवढं म्हणा: 'या आठवणींतली शेवटची पानं मला एका बैठकीत वाचवेनात, दोनदा पुस्तक पालथं घालून उठले.' पालथं घातलेलं पुस्तक कंटाळ्याचं नसतं हे वाचनगटातल्या बायकांना सांगावं लागणार नाही.