उत्तरपत्रिका रद्दीत जाण्याआधी

डिचोली तालुक्यातल्या एका पालकांचं पत्र आहे. मुलीला बारावीच्या रसायनशास्त्रात अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण पडले. गोवा बोर्डाकडे गुणपडताळणीचा, म्हणजे गुणांची मोजणी बरोबर आहे का एवढंच बघण्याचा, अर्ज केला, ‘बदल नाही’ असं उत्तर आलं आणि सगळे गप्प बसले. आता चार महिन्यांनी विचारतात, हायकोर्टाकडून पेपर पुन्हा तपासून मिळेल का? अशी पत्रं दरवर्षी येतात, आणि बहुतेक उशिराच येतात.

हायकोर्टाचं नंतर. ती उत्तरपत्रिका आज शिल्लक आहे का? सगळं यावर अडलंय. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी ठरवलं, की तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा हक्क विद्यार्थ्याला माहिती अधिकारात आहे. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण नियमाप्रमाणे जपून ठेवायची मुदत संपून पेपर नष्ट केला असेल तर मागायला काही उरत नाही, हेही त्याच निकालात आहे. सीबीएसईची ती मुदत तेव्हा अवघी तीन महिने होती. आणि तुम्ही चार महिने घालवलेत! पुनर्मूल्यांकनाचा, म्हणजे उत्तरं पुन्हा तपासून घेण्याचा, अर्ज वेगळा असतो, त्याची शेवटची तारीख बोर्डाच्या परिपत्रकात छापलेली असते. ते परिपत्रक तेव्हाच नीट वाचायला हवं होतं.

आता एक दिवसही दवडू नका. बोर्डाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे माहिती अधिकाराचा अर्ज लिहा. उत्तरपत्रिका प्रत्यक्ष पाहायची आहे आणि तिची प्रतही हवी आहे, दोन्ही मागा. मुलगी अठराची झाली असेल तर सही तिचीच हवी. वडिलांच्या सहीचा अर्ज दुसऱ्याची माहिती मागितली म्हणून परत येऊ शकतो. सोबत वेगळं पत्र द्या: अर्जाचा निकाल लागेपर्यंत ही उत्तरपत्रिका नष्ट करू नये. दोन्ही कागद पर्वरीला बोर्डाच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पेपर नंतर नाहीसा झाला तर तुमच्या हातात पुरावा म्हणून तो शिक्काच असेल.

उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. राज्य माहिती आयोगापर्यंत जावं लागलं तर प्रवेशाचं वर्ष हातचं जाईल. आपल्याकडे अपिलांना लागणारा वेळ विद्यार्थ्यांवर अन्याय करणारा आहे, हे मी स्पष्टच सांगतो.

प्रत मिळाली की एकेक पान उलटून बघा. लिहिलेल्या उत्तरापुढे गुणच नसतील, पुरवणी तपासायची राहिली असेल किंवा आतले गुण मुखपृष्ठावर चढले नसतील, तर त्या पानाची प्रत लावून बोर्डाला लेखी निवेदन द्या. बोर्डाने दाद दिली नाही तर हायकोर्टात रिट याचिकेला अर्थ आहे. पण ‘चार द्यायला हवे होते, दोनच दिले’ एवढीच तक्रार असेल तर कोर्टाचा खर्च करू नका. नियमात तरतूद नसेल तर पुनर्तपासणीचा हक्क नाही, हे महाराष्ट्र बोर्डाच्या प्रकरणात १९८४ मध्येच ठरलंय, आणि न्यायाधीशांनी स्वतः उत्तरं तपासायला बसू नये हे सर्वोच्च न्यायालयाने नंतरही बजावलंय.

प्रतीवर परीक्षकाचं नाव-सही झाकलेली असेल. ते कायद्याला धरून आहे, त्यावरून वाद घालू नका. गुण वाढले तरी आता जागा मिळेल की नाही हे त्या त्या कॉलेजच्या प्रवेशनियमांवर राहील, म्हणून हातात असलेला प्रवेश सोडू नका.